उरलेले हात

वेल्लोर आपल्या हैदराबादकर मंडळींना नवीन नाही. काटपाडी स्टेशनवर उतरायचं, बगलेत जुन्या रिपोर्टांची फाइल धरून ख्रिश्चन मेडिकल कॉलेज गाठायचं, जवळच्या लॉजवर मुक्काम करायचा. पण याच संस्थेचं बागायमचं पुनर्वसन केंद्र थोड्यांनाच ठाऊक असतं. धाकट्या भावाबरोबर मी तिथं तीन महिने काढले, म्हणून हे लिहिते आहे.

भाऊ बांधकामावर सुपरवायझर होता. दुसऱ्या मजल्यावरून पडला, मणक्याला मार बसला आणि कमरेखालची संवेदना गेली. पायांत पुन्हा बळ येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. "कुठल्या जन्मीचं फेडतोय माझा बाळ!" असं आई म्हणायची. म्हणायची मायेनंच, पण ते ऐकून भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. "ताई, मला वाचवलंत कशाला?" एवढंच मला विचारायचा.

बागायमला रुग्णासोबत घरचं माणूस राहतं, कारण शिकायचं दोघांनाही असतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. खुर्चीत बसल्यावर मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. लघवीची नळी आपली आपण घालायची. पलंगावरून खुर्चीत सरकायचं. सगळी भिस्त हातांवर.

ज्यांचं नाव या केंद्राला आहे, त्या डॉ. मेरी वर्गीस यांची गोष्टही हातांचीच. 1925 साली केरळात त्यांचा जन्म झाला आणि वेल्लोरलाच त्या डॉक्टर झाल्या. 1954 मध्ये सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना गाडी उलटली. चेहऱ्याला जबर इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हा तिथले सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांना सुचवलं, की हातावरची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. कुष्ठरोगानं बोटं आखडलेल्या माणसांच्या हातांवर मेरीबाई चाकांच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत त्यांनी पुनर्वसनाचं शिक्षण घेतलं आणि परतल्यावर वेल्लोरचा हा विभाग उभा केला. 1966 पासून बागायमला रुग्ण राहू लागले. 1972 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1986 मध्ये त्या गेल्या.

त्यांच्या इंग्रजी चरित्राचं नाव आहे 'टेक माय हँड्स', म्हणजे 'माझे हात घे'. देवाला उद्देशून. ख्रिस्ती श्रद्धेच्या मध्यभागी क्रूस आहे. तिथं देव स्वतःच वेदना सोसतो. त्यामुळे दुःख वाट्याला आलेला माणूस देवाच्या मनातून उतरलेला ठरत नाही. हे मला तिथं राहून उमगलं. आमच्या घरी देवघर आहे, एकादशी आहे, आणि ते तसंच राहिलं. एक सिस्टर रात्री भावासाठी प्रार्थना करायच्या, पण आधी "चालेल ना?" असं विचारून. हे का घडलं, याचं उत्तर तिथं कुणी दिलं नाही. "आज किती वेळ बसलास?" हे मात्र रोज विचारलं.

मधे आई पंधरा दिवस येऊन राहिली. बाई डॉक्टर स्वतः खुर्चीत बसून दुसऱ्यांना बरं करायच्या, हे तिला मी तीन वेळा सांगितलं. त्यानंतर मागल्या जन्माचा विषय तिनं काढला नाही.

याला आता चार वर्षं झाली. भाऊ घरी बसून कॉम्प्युटरवर बांधकामांची एस्टिमेटं काढतो. पाय जायचे राहिलेले नाहीत आणि वाईट दिवस अजूनही येतात. पण संध्याकाळी त्याचा फोन वाजतो. नुकताच मणका दुखावलेल्या कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी बायको. जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, गादी कुठली घ्यायची, हे तो न कंटाळता सांगतो. "मला कशाला वाचवलंत" असं पलीकडून ऐकू आलं, की आवाज खाली आणून बराच वेळ बोलतो.

यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या मुलांनी सभागृहाच्या पायऱ्यांवर फळी टाकली आणि तो आरतीला आला. तिथं कायमचा उतार बांधायला किती सिमेंट, किती वीट लागेल, याचा हिशेब त्यानं काढून ठेवला आहे. कार्यकारिणीनं तो जरूर मागून घ्यावा.