वयाला साजेसा फुटबॉल : मुलांच्या वाढीनुसार सराव

ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ भागाची वसाहत इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून उभी राहिली. शिंद्यांच्या दरबाराबरोबर आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथेच स्थायिक झाली. याच भागातील नया बाजार ही दुकानांची व वर्दळीची पेठ होय. अशा दाट वस्तीत मुलांना गल्ली हेच मैदान आणि दोन विटा हाच गोल. त्याच शहरात, १८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दी वर्षात, ऑगस्ट १९५७ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू झाले. पुढे १९९५ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. एकीकडे गल्लीतील खेळ आणि दुसरीकडे क्रीडाशास्त्राचे शिक्षण अशी ही दोन टोके आहेत. शास्त्रातील ज्ञान गल्लीतील मुलापर्यंत पोहोचविण्याचे काम शाळेतील शिक्षकालाच करावे लागते. ग्वाल्हेरप्रमाणेच ही गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक गावासही लागू आहे.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे

प्रौढांच्या सामन्यात गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद व २.४४ मीटर उंच असते. मैदानाची लांबी शंभर मीटरच्या आसपास असते. अशा चौकटीत नऊ वर्षांचा, जेमतेम १३० सेंटिमीटर उंचीचा गोलरक्षक उभा केला तर त्याच्या डोक्यावरून जाणारा प्रत्येक चेंडू गोल ठरतो. यात त्या मुलाचा दोष नसतो. दोष मापाचा असतो. तरीही पराभवाचे खापर त्याच्यावर फुटते आणि काही दिवसांत ते मूल मैदानावर येईनासे होते.

चेंडूचेही तसेच आहे. प्रौढांच्या पाच क्रमांकाच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी त्याहून लहान व हलका चार क्रमांकाचा, तर त्याखालील मुलांसाठी तीन क्रमांकाचा चेंडू वापरावा, असा सर्वसाधारण संकेत आहे.

सहा ते नऊ वर्षे : चेंडूशी मैत्री

या वयात मुलांना धावणे, उडी मारणे, तोल सांभाळणे व दिशा बदलणे या मूलभूत हालचाली शिकवाव्यात. शिवाशिवी, लंगडी, खो-खो यांसारखे आपले खेळ त्यासाठी उत्तम होत. संघ चार-चारांचे असावेत. बावीस मुलांत एक चेंडू दिला तर अनेकांच्या पायाला तो लागतही नाही. चाळीस मुलांच्या वर्गाचे आठ-आठांचे पाच गट करून पाच चेंडू दिले तर प्रत्येक मूल खेळात राहते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये लहान मुलांसाठी ‘बेबी लीग’ सुरू केली, तीही लहान मैदान व लहान संघ याच तत्त्वावर.

दहा ते बारा वर्षे : कौशल्याचा काळ

शरीर अद्याप हलके असते आणि नवे कौशल्य लवकर आत्मसात होते. चेंडू थांबविणे, पास देणे, दोन्ही पायांनी खेळणे यांवर भर द्यावा. मुलाला एकाच जागेवर जखडून न ठेवता आघाडी, बचाव, गोलरक्षण अशा सर्व जागी खेळवावे. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव मात्र करून घेऊ नये. अमेरिकेतील फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षे व त्याखालील मुलांना अशा खेळास मनाई केली आणि अकरा ते तेरा वयोगटात त्याच्या सरावावर मर्यादा घातली.

तेरा ते पंधरा वर्षे : वाढीची घाई

साधारणतः मुलींची उंची बाराव्या वर्षाच्या व मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास झपाट्याने वाढते. हाडे आधी लांब होतात. स्नायू त्यांच्या मागे राहतात. कालपर्यंत चपळ असलेला खेळाडू एकाएकी अडखळू लागतो. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखणे ही याच वयातील नेहमीची तक्रार होय. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या भागावर ताण पडल्यामुळे ती उद्भवते. अशा वेळी ‘खेळताना दुखणारच’ असे म्हणून सराव चालू ठेवणे घातक ठरते. सराव कमी करावा आणि दुखणे न थांबल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिक्षकाने दर तीन महिन्यांनी मुलांची उंची भिंतीवरील खुणेने मोजून वहीत नोंदवली तरी वाढीचा वेग ध्यानात येतो.

एकाच इयत्तेतील दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. निवडीच्या वेळी थोराड मूल उठून दिसते आणि उशिरा वाढणारे गुणी मूल वगळले जाते. म्हणून आजची शरीरयष्टी न पाहता खेळातील समज पाहावी.

सोळाव्या वर्षानंतर

वाढ स्थिरावू लागल्यावर ताकद व दम वाढविण्याचे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावेत. एकूणच, आठवड्यातील नियोजित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा अधिक नसावेत, हा एक सोपा ठोकताळा आहे. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुरेसे होत. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती द्यावी.

उन्हाळा, पाणी आणि जन्मनोंद

ग्वाल्हेर असो वा विदर्भ, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सराव सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास घ्यावा आणि तहान लागण्याची वाट न पाहता मुलांना वरचेवर पाणी द्यावे. पाणी न देणे ही शिस्त नव्हे.

वयोगटाच्या स्पर्धांत वय लपवून मोठ्या मुलांना उतरविण्याचा प्रकार सर्वांत अनिष्ट होय. त्यामुळे लहान मुलांना दुखापतीचा धोका निर्माण होतो आणि खऱ्या वयाच्या खेळाडूची संधी हिरावली जाते. ग्रामपंचायतीतील जन्मनोंद व शाळेचा दाखला बिनचूक ठेवणे हेही खेळाच्या सेवेतील कामच आहे.

कोल्हापूरच्या पेठा व तालमींनी फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघातून खेळला. परंतु मैदानावर येणारे प्रत्येक मूल विश्वचषकापर्यंत जाणार नाही, आणि तशी अपेक्षाही असू नये. ते मूल, मग तो मुलगा असो वा मुलगी, पंधराव्या वर्षीही सुदृढ गुडघ्यांनी व आनंदी मनाने मैदानावर येत असेल, तर शिक्षकाचे व गावाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.