व्याजाविना भांडवल : मुदारबा आणि भागीदारी कायदा

व्यवसायाच्या भांडवलाचे मार्ग शिकविताना आपण बहुधा बँकेच्या कर्जापाशी थांबतो. व्याज नको म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मग उत्तर मिळत नाही. व्याजमुक्त बँकिंगची शिफारस रघुराम राजन समितीने २००८ मध्ये केली. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. भागीदारीचा मार्ग मात्र खुला आहे.

मुदारबात एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफ्याचे प्रमाण आधी ठरते, रक्कम नव्हे; हलगर्जीपणा नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलदाराचाच. १९३२ चा भागीदारी कायदा मात्र, वेगळा करार नसल्यास, तोटाही सर्व भागीदारांत समान वाटतो. म्हणून करारपत्र लेखी असावे. तरीही बाहेरच्या धनकोंना ते बांधत नाही. पेढीच्या देण्यांना दोघेही जबाबदार राहतात.