तंजावरच्या भिंतीवरील मराठी

कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या हिरव्यागार भातखाचरांच्या प्रदेशात तंजावर हे नगर वसलेले आहे. दुकानांवरील पाट्या तामिळ, कानांवर पडणारी भाषा तामिळ. महाराष्ट्रातून गेलेल्या प्रवाशास तेथे सुरुवातीस एकही अक्षर लागत नाही. परंतु तेथील सर्वांत मोठ्या मंदिराच्या आवारात तो शिरला, की भिंतीच्या दगडांवर ओळींमागून ओळी मराठी मजकूर त्याच्या दृष्टीस पडतो, आणि तोही देवनागरी लिपीत! ही अक्षरे इतक्या दूर आली कशी?

हे मंदिर बृहदीश्वराचे. चोळ सम्राट पहिला राजराज याने ते बांधविले व इ. स. १०१० मध्ये ते पूर्ण झाले. गर्भगृहावरील पाषाणाचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. त्याची छाया भूमीवर कधीच पडत नाही, असे वाटाडे मोठ्या अभिमानाने सांगतात. दुपार टळल्यावर अंगणात थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे छाया कोठे पडते ते दिसते! खरे नवल निराळेच आहे. राजराजाने मंदिराची सारी व्यवस्था दगडावर लिहवून ठेविली. सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्या कोणत्या गावाहून आल्या आणि कोणत्या रांगेतील कितवे घर त्यांना दिले, एवढा तपशील त्या लेखात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य माणसांची नावे अशी क्वचितच टिकतात.

चोळांचे राज्य गेले. पुढे नायक राजे आले आणि १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले. त्यांच्या वंशातील दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मंदिराच्या भिंतीवर कोरविला. तोच हा मराठी लेख.

मंदिराहून राजवाडा फार दूर नाही. तेथील संग्रहालयात चोळकालीन धातुमूर्ती मांडलेल्या आहेत. आधी मेणाची मूर्ती घडवावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, अशी ही रीत. साचा फोडल्याखेरीज मूर्ती बाहेर येत नाही. म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक!

परंतु राजवाड्यातील खरे धन म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय होय. सरफोजींच्या हाती राज्य असे उरलेच नव्हते. १७९९ च्या तहाने कारभार इंग्रजांनी घेतला व राजांकडे किल्ला आणि सभोवारचा थोडा प्रदेश एवढेच राहिले. दुसरा एखादा राजा विलासात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ गोळा केले. नायकांच्या वेळेपासून चालत आलेला पोथ्यांचा संग्रह त्यांनी अनेक पटींनी वाढविला. देवनागरी अक्षरांचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापविल्या. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांची टिपणे व डोळ्यांची चित्रेही त्यांनी जतन करविली. ती आजही या संग्रहात आहेत. १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांस खुले झाले.

येथे संस्कृत, तामिळ, तेलुगू ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखितेही पुष्कळ आहेत. मराठी राजांच्या दप्तरांतील हिशेब व पत्रव्यवहार मात्र मोडी लिपीत आहे. मंदिरावरील लेख तुम्ही अडखळत का होईना, वाचू शकाल. हे कागद तुमच्याने, आणि तुमच्या बहुतेक गुरुजींच्यानेही, वाचवणार नाहीत. भाषा आपलीच, पण लिपी आपण विसरलो. मोडी जाणणारे थोडे आणि कागद सहस्रावधी. त्यांतच दमट हवा आणि कसर यांना वाचकाची वाट पाहावयाची नसते.

तंजावरला जावयाचे तर पौष महिन्यात जावे. जवळच तिरुवैयारू येथे कावेरीच्या काठी संत त्यागराजांची समाधी आहे. १८४७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. पौष वद्य पंचमीस तेथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या ‘पंचरत्न’ नावाने प्रसिद्ध असलेल्या पाच कृती एका सुरात गातात. मराठी राजांच्या अमलात, तामिळ भूमीवर रचलेली ही गीते मुख्यतः तेलुगू भाषेत आहेत. श्रोत्यांपैकी कित्येकांना शब्द कळत नसतील; तरीही पाचवी कृती संपेपर्यंत सहसा कोणी जागचे उठत नाही.