कोबीचे दुखणे मुळाशी

हरभऱ्याच्या मुळावरची गाठ पिकाला नत्र देते. कोबी, फुलकोबी, मोहरीच्या मुळावर गाठ दिसली, तर मात्र ते दुखणेच समजावे. जमिनीत ओल असूनही दुपारी रोप मान टाकते, संध्याकाळी सावरते. आपण पाणी वाढवितो; दुखणे तसेच राहते.

असे रोप उपटू नका. कुदळीने मातीसह काढून मुळे हलक्या हाताने धुवा. मण्यांसारख्या बारीक गाठी असतील, तर सूत्रकृमी. मूळच जाड, बेढब सुजले असेल, तर ‘क्लब रूट’. रशियात वोरोनिन यांनी १८७८ मध्ये त्याचा सूक्ष्मजीव ओळखला. त्याचे बीजाणू जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक टिकतात.

हा रोग आम्ल, ओलसर जमिनीत वाढतो. आपल्या देशात दार्जिलिंग, निलगिरीकडे आढळतो. पुरुषोत्तमनगर परिसरातील काळी जमीन सहसा विम्लधर्मी, म्हणून येथे पहिला संशय सूत्रकृमीवर घ्यावा. क्लब रूटसाठी चुना टाकतात. सूत्रकृमीसाठी झेंडू, निंबोळी पेंड. निदान चुकले, की खर्च वाया.

शंका असल्यास त्या शेतातील माती कुंडीत भरून मोहरी पेरा, ओल राखा आणि सहा आठवड्यांनी मुळे पाहा. रोगट रोप कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. लागवड त्यानंतरच करा.