बिल हरवलंय आणि कुर्ता उसवलाय?

शेजारच्या काकू नवा कुर्ता घेऊन आल्या. एकदाच घातलेला, तरी काखेतली शिवण पार उसवलेली. दुकानदाराचं एकच पालुपद: बिल नाही, तर बदलून मिळणार नाही.

बिल हा खरेदीचा पुरावा आहे, पण एकमेव नाही. काकूंनी पैसे यूपीआयने दिले होते. तारीख, रक्कम, दुकानाचं नाव, सगळं फोनमध्ये सापडलं. कार्डाचं स्टेटमेंटही दाखवता येतं. मोठ्या दुकानांत काउंटरवर मोबाइल नंबर घेतात, त्यावरून जुनं बिल बहुतेकदा पुन्हा निघतं. तसं स्पष्ट मागा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा! मात्र रंग आवडला नाही, माप चुकलं, याला हे लागू नाही.

कपडा धुऊ नका, शिंप्याकडेही नेऊ नका. टॅग जपा, उसवलेल्या जागेचे फोटो काढा.

दुकानदार ऐकेचना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीत बोलता येतं.

तुमचं असं काही अडलंय का? बिनधास्त विचारा.