मेलडी पाँडचा जन्म : एका वादाचा मागोवा

बीबीसीची 'डॉक्टर हू' ही मालिका 1963 पासून कालप्रवासाच्या गोष्टी सांगत आली आहे. पण अशा प्रवासात दिवस गेलेल्या बाईचे काय होते, हा प्रश्न तिने कथेच्या केंद्रस्थानी आणला तो 2011 मध्ये, स्टीव्हन मॉफट मुख्य लेखक असताना. ॲमी पाँड आणि रोरी विल्यम्स या तरुण जोडप्याला मेलडी नावाची मुलगी होते, ती पळवली जाते, आणि आईबापांपेक्षा वयाने बरीच मोठी दिसणारी रिव्हर साँग ही तीच मुलगी असल्याचे उघड होते. या कथासूत्राचे तर्कशास्त्र टिकते की नाही, यावर चाहत्यांनी घातलेला वाद अजून पुरता शमलेला नाही.

रिव्हर साँग प्रेक्षकांना प्रथम दिसली 2008 च्या 'सायलेन्स इन द लायब्ररी' या भागात. ॲलेक्स किंग्स्टन यांनी रंगवलेली ही बाई मालिकेच्या नायकाला, डॉक्टरला, चांगली ओळखते, डॉक्टर मात्र तिला पहिल्यांदाच पाहतो. आणि त्याच कथेच्या उत्तरार्धात ती मरते. तिचा शेवट आधी कळला, सुरुवात नंतर कळायची होती. तिच्या आणि डॉक्टरच्या भेटी कोणाच्या बाजूने कोणत्या क्रमाने झाल्या, याची कोष्टके मांडण्याची सवय चाहत्यांना तेव्हापासून लागली. पुढे गर्भारपणाचा वाद आला तेव्हा हीच सवय कामी आली.

23 एप्रिल 2011 च्या 'द इम्पॉसिबल ॲस्ट्रोनॉट' या भागात ॲमी डॉक्टरला सांगते की ती गरोदर आहे. पुढच्याच आठवड्यात ती म्हणते, तसे काही नव्हते. टार्डिस या कालयानातल्या तपासणीत उत्तर 'आहे' आणि 'नाही' यांच्यामध्ये हेलकावत राहते, एकावर थांबत नाही. त्याच भागात ॲमी एक भीती बोलून दाखवते: कालयानातल्या फिरण्याचा पोटातल्या बाळावर परिणाम तर होणार नाही? बहुतेकांनी ते विनोदात काढले. खरे तर साऱ्या कथेची किल्ली त्या वाक्यातच होती. अधूनमधून भिंतीत एक झडप उघडते आणि डोळ्यावर पट्टी बांधलेली बाई डोकावते, याचाही अर्थ कुणाला लागत नव्हता.

उलगडा झाला 28 मेच्या 'द ऑलमोस्ट पीपल' या भागाच्या शेवटी. डॉक्टरबरोबर फिरत होती ती ॲमी नव्हतीच. 'फ्लेश' नावाच्या जिवंत लगद्यातून घडवलेली ती तिची प्रतिकृती होती. खरी ॲमी दूर कुठेतरी बंदिवासात होती, तिचे मन तेवढे या प्रतिकृतीतून वावरत होते. डॉक्टर प्रतिकृती विरघळवून टाकतो आणि खरी ॲमी एका पांढऱ्या खोलीत बाळंतपणाच्या कळा देत जागी होते. हेलकावणाऱ्या तपासणीचा अर्थ चाहत्यांनी यावरून लावला: शरीर प्रतिकृतीचे, जाणीव गर्भार बाईची, म्हणून यंत्र गोंधळले. मालिकेने स्वतः हे इतके स्पष्ट करून सांगितले नाही. अर्थ पटण्यासारखा आहे, पण तो चाहत्यांचा आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

4 जूनच्या 'अ गुड मॅन गोज टू वॉर' या भागात डीमन्स रन नावाच्या लघुग्रहावर मेलडीला सोडवण्याची लढाई होते. डॉक्टर ती जिंकतो आणि लगेच हरतो, कारण आईच्या हातातले बाळही लगद्याचेच निघते. रिव्हर येऊन आपली ओळख देते. त्यानंतर मालिका बारा आठवडे थांबली. वादाला खरा रंग चढला तो या सुट्टीत.

पहिला वाद तारखांचा होता. मेलडीची गर्भधारणा लग्नाच्या रात्री, उडत्या टार्डिसमध्ये झाली, असे कथा सांगते. लग्न 26 जून 2010 चे. ॲमीला पळवले ते 'द इम्पॉसिबल ॲस्ट्रोनॉट'मधल्या अमेरिकेच्या प्रवासाच्या थोडे आधी, असा डॉक्टरचा अंदाज. आणि त्या प्रवासातला युटामधला मुक्काम 22 एप्रिल 2011 चा. मधले अंतर जवळपास दहा महिन्यांचे. मग पळवली गेली तेव्हाच ॲमीचे दिवस भरत आलेले असायला हवे होते, आणि ती गोष्ट घरात कुणाच्या नजरेतून सुटली नसती. यावर निघालेला तोडगा तत्त्वज्ञ डेव्हिड लुइस यांच्या 1976 च्या 'द पॅरॅडॉक्सेस ऑफ टाइम ट्रॅव्हल' या निबंधातल्या भेदाशी जुळतो. लुइस बाह्य काळ आणि वैयक्तिक काळ वेगळे करतात: एक जगाच्या दिनदर्शिकेचा, दुसरा प्रवाशाच्या मनगटावरच्या घड्याळाचा. नवविवाहितांना टार्डिसने काही आठवड्यांतच पुढच्या वर्षात आणून सोडले असेल, तर दिनदर्शिकेतले दहा महिने ॲमीच्या शरीराने जगलेच नाहीत. गर्भ वाढतो तो आईच्या काळात, जगाच्या नव्हे. एवढे मान्य केले की तारखांचा आक्षेप गळून पडतो. कालप्रवासाच्या कथेत गर्भारपण इतके सोयीचे आणि इतके अडचणीचे ठरते ते याचमुळे. पात्राचे वय दोन-चार वर्षांनी इकडेतिकडे झाले तर खपून जाते, पण नऊ महिन्यांचे घड्याळ प्रत्येक प्रेक्षकाला पाठ असते.

दुसरा वाद वंशाचा. ॲमी आणि रोरी दोघेही माणसे, तरी मेलडीत डॉक्टरच्या टाइम लॉर्ड वंशाचे गुण उतरतात आणि मरणाच्या दारात तिचा कायापालट होऊन नवे शरीर मिळू शकते. 2011 मधले स्पष्टीकरण असे: टाइम लॉर्ड मंडळींना ही शक्ती लाभली ती कालप्रवाहाच्या अब्जावधी वर्षांच्या सहवासातून, आणि मेलडीची गर्भधारणा त्याच प्रवाहात झाली. अब्जावधी वर्षांचे काम एका रात्रीत कसे झाले, ही शंका तेव्हाच निघाली होती. शत्रूंनी बाळावर पुढे संस्करण केले असेल, हे उत्तर पुष्कळांना चालले. मग 1 मार्च 2020 रोजी 'द टाइमलेस चिल्ड्रन' आला. क्रिस चिबनल यांच्या या भागानुसार कायापालटाची शक्ती सहवासातून आलीच नव्हती. एका अनाथ मुलावर प्रयोग करून ती शोधली गेली आणि मग साऱ्या वंशात घातली गेली, आणि ते मूल म्हणजे डॉक्टरच. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या उत्तराचा पायाच काढून घेतला गेला. दोन्ही भागांचा मेळ घालण्यासाठी चाहत्यांनी केलेल्या कसरती कल्पक आहेत, पण त्या कसरतीच आहेत.

तिसरा वाद 27 ऑगस्ट 2011 च्या 'लेट्स किल हिटलर'ने उभा केला. ॲमी आणि रोरी यांची बालमैत्रीण मेल्स हीच मेलडी निघते. गोळी लागून तिचा कायापालट होतो आणि रिव्हर समोर उभी राहते. ॲमीने लेकीचे नाव ठेवले मैत्रिणीवरून, आणि मैत्रीण म्हणजे लेकच. मग ते नाव मुळात सुचले कुणाला? कुणालाच नाही. असा कारणाशिवायचा फेरा कालप्रवासाच्या साहित्यात जुनाच आहे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1959 च्या 'ऑल यू झॉम्बीज' या कथेत एकच व्यक्ती स्वतःची आई आणि बापही ठरते. 'फ्युचरामा'मधला फ्राय 2001 च्या एका भागात स्वतःचाच आजोबा होतो. त्यांच्या तुलनेत मेलडीचा फेरा सौम्य आहे. लुइस यांच्या मते असा फेरा विचित्र असला तरी अशक्य नव्हे, त्यामुळे इथे तर्काला तडा जात नाही.

तडा आहे तो वयात. 1970 च्या न्यूयॉर्कमध्ये एका मुलीचा कायापालट होताना दिसतो आणि मेल्सच्या म्हणण्यानुसार त्यातून ती अगदी लहान पोर होऊन बाहेर पडते. तीच मेल्स 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या लेडवर्थ गावात ॲमीच्या वर्गात बसते. 1996 मध्ये ॲमी सात वर्षांची होती. म्हणजे मधल्या सव्वीस वर्षांत ते पोर शाळकरी वयापलीकडे वाढलेच नाही! आईबापांना शोधायला फार वर्षे लागली, एवढेच मेल्स सांगते. टाइम लॉर्ड हळू वाढतात किंवा रिव्हरला वयाची गती आवरता येते, अशा उपपत्ती मांडल्या गेल्या. दुसरीला थोडा आधार आहे, कारण नवे रूप घेतल्यावर आपण वय हळूहळू उलटे नेऊ, असे रिव्हर गमतीने म्हणते. पण ते वाक्य किंग्स्टन यांच्या वाढत्या वयाची सोय लावणारे आहे. लहान मुलीच्या सव्वीस वर्षांचा हिशेब त्यातून लागत नाही.

या साऱ्या हिशेबांपेक्षा बोचरा प्रश्न होता तो आईचा. कालयान हाताशी असताना डॉक्टर मागे जाऊन बाळ का आणत नाही? कथेचे उत्तर असे की मेलडी घरी वाढली तर रिव्हर घडणारच नाही.  तर्क म्हणून हे बिनतोड आहे. 2005 च्या 'फादर्स डे' या भागात डॉक्टरची तेव्हाची सोबतीण रोझ हिने बापाचा अपघात टाळला तेव्हा साऱ्या जगावर संकट ओढवले होते, त्यामुळे नियम मालिकेला नवा नव्हता. पण त्या भागाने रोझच्या दुःखाला पुरा वेळ दिला होता. इथे ॲमीला मूल नको असताना गर्भारपणाची कैद भोगावी लागली नव्हती, पण स्वतःच्याच गर्भारपणातून तिला बाहेर ठेवले गेले, बाळही हिरावले गेले, आणि पुढच्या बहुतेक भागांत ती पूर्वीसारखीच साहसे करत फिरते. अनेक टीकाकारांनी, विशेषतः स्त्रीवादी दृष्टीने पाहणाऱ्यांनी, यावर बोट ठेवले, आणि ते योग्यच होते. 1 ऑक्टोबर 2011 च्या 'द वेडिंग ऑफ रिव्हर साँग'मध्ये ॲमी बाळ पळवणाऱ्या मॅडम कोव्हेरियनला, म्हणजे झडपेतून डोकावणाऱ्या त्याच बाईला, मरायला सोडते, तेव्हा तो राग क्षणभर उसळतो. डीमन्स रनवर जे झाले त्यामुळे तिला पुन्हा मूल होणार नाही, हे प्रेक्षकांना कळायला मात्र 1 सप्टेंबर 2012 चा 'असायलम ऑफ द डेलेक्स' यावा लागला.

त्याच महिन्याच्या 29 तारखेला ॲमी आणि रोरी कायमचे जुन्या न्यूयॉर्कमध्ये अडकले आणि मालिकेतून गेले. 1946 मध्ये त्यांनी अँथनी नावाचा मुलगा दत्तक घेतल्याचे सांगणारा 'पी.एस.' नावाचा प्रसंग चिबनल यांनी लिहिला होता. तो चित्रित झाला नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये बीबीसीने तो रेखाचित्रांच्या रूपात प्रसिद्ध केला.