लेखणीच्या फटकाऱ्याने वाचलेली अरण्ये

फेब्रुवारी १९०७ मधील गोष्ट. अमेरिकी सिनेटमध्ये कृषी खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला ओरेगॉनचे सिनेटर चार्ल्स फुल्टन यांनी एक दुरुस्ती जोडली. वायव्येकडील सहा राज्यांत अध्यक्षांना यापुढे नवी राखीव वने जाहीर करता येऊ नयेत, एवढाच तिचा आशय. विधेयक फेटाळावे, तर वनसेवेचाच पैसा अडणार. थिओडोर रूझवेल्ट यांनी ते फेटाळले नाही. सही करण्यास मात्र काही दिवस घेतले. तेवढ्या अवधीत वनसेवेचे प्रमुख गिफर्ड पिंचो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकाशे पुढ्यात घेऊन रात्रंदिवस घोषणापत्रे तयार केली. त्यांवर सह्या करून सुमारे १ कोटी ६० लाख एकर जंगल राखीव केल्यावरच अध्यक्षांनी विधेयक मंजूर केले. 'मध्यरात्रीची जंगले' हे त्यांचे नाव पुढे रूढ झाले.

हे रूझवेल्ट म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील अध्यक्ष फ्रँकलिन यांचे दूरचे भाऊबंद. आपल्याकडे दोघांची गल्लत हमखास होते. जन्म १८५८ चा, न्यूयॉर्कच्या सधन घरातला. बालपण दम्याने ग्रासलेले. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात आई आणि पत्नी दोघींचे निधन झाले. त्या आघातानंतर ते डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळू लागले. रानगव्यांचे नाहीसे झालेले कळप आणि चरून उजाड झालेली कुरणे त्यांनी तिथे पाहिली. पुढे न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त, गव्हर्नर, उपाध्यक्ष अशी वाटचाल झाली आणि सप्टेंबर १९०१ मध्ये मॅकिन्ली यांच्या हत्येमुळे वयाच्या ४२ व्या वर्षी अध्यक्षपद चालून आले. इतक्या लहान वयात ते पद अन्य कोणालाही लाभलेले नाही.

१९०२ मध्ये त्यांच्या सरकारने नॉर्दर्न सिक्युरिटीज या रेल्वे मक्तेदारीवर खटला भरला. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला. १९०६ मध्ये अन्न व औषधांतील भेसळीविरुद्धचा आणि मांसतपासणीचा असे दोन कायदे झाले. मूठभरांच्या नफ्यापुढे सार्वजनिक हिताला सरकारने वाली मिळवून द्यावा, हीच धारणा जंगलांबाबतही होती. १९०३ मध्ये फ्लोरिडातील पेलिकन बेट त्यांनी पक्ष्यांसाठी राखून ठेवले. कारकीर्द संपली तेव्हा सुमारे २३ कोटी एकर भूमीला संरक्षण लाभले होते.

गंमत अशी, की हा माणूस हाडाचा शिकारी. १९०९ मध्ये पद सोडताच ते आफ्रिकेत शिकारीला गेले. त्यांचे निसर्गप्रेम उपयोगाचे भान राखणारे होते. लाकूड तोडावे, पण उद्याचा विचार करून. या भूमीशी पिढ्यान् पिढ्या जोडलेल्या मूळ अमेरिकी जमातींचा हक्क मात्र त्यांच्या हिशेबात फारसा नव्हता, ही उणीव गंभीरच म्हणावी लागेल.

घोषणापत्राच्या मार्गात आणखी एक अडचण आहे. १९०६ च्या प्राचीन वारसा कायद्याचा आधार घेऊन रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये ग्रँड कॅन्यनला राष्ट्रीय स्मारक ठरवले. १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच, काँग्रेसने कायदा करून तिथे राष्ट्रीय उद्यान केले. प्रत्येक स्मारकाला असे कवच मिळतेच असे नाही. त्याच कायद्याखाली ओबामा यांनी २०१६ मध्ये युटा राज्यातील बेअर्स इअर्स स्मारक जाहीर केले. ट्रम्प यांनी २०१७ मध्ये त्याचे क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी घटवले आणि बायडेन यांनी २०२१ मध्ये ते पूर्ववत केले. तिन्ही वेळा पुरेशी ठरली ती अध्यक्षांची एक सही.